दाताच्या दवाखान्यात ऐकलेलं गाणं आणि एक प्रश्न : ‘क्लोज टू यू’ एवढं का चिकटतं?

घोडबंदर_ट्रॅफिक | मंगळवार, रात्री ११:२०

मंडळी, आधीच सांगून टाकतो, इंग्रजी गाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. आपली धाव किशोर, अरुण दाते आणि गणपतीत लागतं ते सगळं, एवढीच. त्यामुळे जाणकारांनी हसू नये, किंवा हसावं पण नंतर उत्तर द्यावं.

झालं असं की गेल्या आठवड्यात वाशीला रूट कॅनालचं दुसरं सिटिंग होतं. ऑफिस तिकडेच, म्हणून डेंटिस्टपण तिकडचाच धरलाय. तोंडात कापसाचे बोळे, ओठाच्या कोपऱ्यात ते थुंकी ओढणारं नळकांडं लटकवलेलं, डोळ्यांवर दिवा, आणि वर कोपऱ्यात स्पीकरवर नुसती वाद्यांवरची गाणी चालू, पेशंट घाबरू नये म्हणून लावतात ना ती. मी छताकडे बघत फॉल्स सीलिंगची भोकं मोजत होतो आणि एक धून लागली. सॅक्सोफोनवर होती बहुतेक. आणि काय सांगू, एकदम आतून कुणीतरी ओळख दिल्यासारखं झालं, म्हणजे हे मी ऐकलंय, खूप वेळा ऐकलंय, घरात ऐकलंय, पण कुठे आणि कधी ते काही केल्या आठवेना. डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाल्या दुखत असेल तर हात वर करा. दुखत नव्हतं म्हणून मी हात काही वर केला नाही, त्या मात्र बिचाऱ्या अजून एक इंजेक्शन देऊन मोकळ्या झाल्या.

बाहेर आल्यावर धून विसरायच्या आत फोनला गुणगुणून दाखवली. अर्धा ओठ बधिर. फोनने आधी कुठलीशी अंगाई दाखवली, मग कुठल्यातरी फुटबॉल क्लबचं गाणं. शेवटी ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरलो, बधिरपणा गेला, आणि तलावपाळीला बाकावर बसून परत गुणगुणलो तेव्हा कुठे सापडलं. ‘दे लाँग टू बी, क्लोज टू यू’, कार्पेंटर्स नावाची अमेरिकन जोडी, १९७०.

तेव्हापासून रोज ऐकतोय. साडेचार मिनिटांचं गाणं, त्यात काही घडत नाही, कोणी रडत नाही, ओरडत नाही. तू जवळ आलास की पक्षी कुठून येतात, तू चालायला लागलास की तारे खाली का पडतात, असं काहीतरी पहिलीच्या पुस्तकातलं. तरी सुटत नाही डोक्यातून. का? जाणकारांनी उलगडून सांगा.

---

तिखट_मामलेदार | रात्री ११:३२

तू जवळ आल्यावर पक्षी येतात याचं उत्तर आमच्या सोसायटीत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत दाणे टाकतात. कबुतरं.

---

खडूस_नौपाडेकर | रात्री ११:५१

प्रश्नातच उत्तर आहे राव. दाताच्या दवाखान्यात वाजतं कारण ते भूल द्यायलाच बनवलंय. साखरेचा पाक नुसता. जरा साल बघा, १९७०. व्हिएतनामचं युद्ध चालू, ४ मेला ओहायोत केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी गोळीबार करून चार विद्यार्थी मारले, आणि त्याच मे महिन्यात ही भावंडं गाणं काढतात की बाबा पक्षी कुठून आले! पुढे १९७३ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन याने व्हाइट हाउसमध्ये यांचा कार्यक्रम ठेवला, यात सगळं आलं. त्या काळात रॉकवाले लोक यांना नाकं मुरडायचे ते उगाच नाही.

---

काळी_एक | बुधवार, सकाळी ७:१५

नौपाडेकर, सकाळी सकाळी बीपी वाढवू नका, तुमचं ते केंट स्टेटचं बरोबर आहे पण साखरेचा पाक म्हणायला माझा आक्षेप आहे. पाक एवढा सोपा नसतो करायला, एकतारी-दोनतारी बघावी लागते.

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, आता फक्त लग्नाच्या सीझनला. हे गाणं वाजवायला घेतलं तेव्हा मलापण वाटलं होतं की डाव्या हाताचं काम. पहिल्याच ओळीला अडकलो. सांगतो का.

गाणं पांढरी एकमध्ये आहे, म्हणजे पेटीवरची पहिली पांढरी पट्टी हा सा. आता कुठलंही साधं गाणं असेल तर पहिला कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार सूर) सा चा, म्हणजे घरातून निघायचं, फिरून यायचं, घरी टेकायचं. हे गाणं सुरूच मध्यमाच्या कॉर्डवर होतं. म्हणजे बाई गायला लागते तेव्हा आपण आधीच घराबाहेर उभे आहोत. आणि त्याच्या पुढचा कॉर्ड तर त्या सप्तकातलाच नाही, त्यात कोमल गंधार आणि तीव्र मध्यम दोन्ही येऊन बसलेत, ज्यांचा या गाण्याशी काही संबंध नाही. पक्षी ‘अचानक’ येतात ना, तर तिथे सूरही अचानकच येतात. कान दचकतो पण दुखावत नाही, कारण वरची चाल इतकी साधी ठेवलीय की पोरगं पण गुणगुणेल. तुम्ही बधिर ओठाने गुणगुणलात की! ही लबाडी बर्ट बॅकरॅक या माणसाची. वर साधी चाल, खाली भानगड. शब्द हॅल डेव्हिडचे. बॅकरॅक २०२३ मध्ये गेले, ९४ वर्षांचे होऊन.

आणि मधे एका ठिकाणी गाणं अख्खंच्या अख्खं पांढरी एकवरून काळी एकवर चढतं. अर्धाच सूर. ऐकणाऱ्याला कळतपण नाही काय झालं, फक्त खोलीतला दिवा जरा मोठा केल्यासारखं वाटतं. माझा आयडी त्यावरून नाहीये, तो वेगळा किस्सा.

---

जुईनगर_लोकल | सकाळी ८:४०

काळी_एक, मस्त प्रतिसाद. लोकलमध्ये उभ्याने वाचला, आता हेडफोन काढून ऐकतेय, तो दचका खरंच आहे!!

एक भर. हे गाणं १९७० चं नाहीच मुळात. १९६३ साली पहिल्यांदा रेकॉर्ड झालं, गायक रिचर्ड चेंबरलिन. आता हा कोण, तर त्या वेळच्या ‘डॉ. किल्डेर’ नावाच्या टीव्ही सिरियलीतला हिरो. म्हणजे हे गाणं सगळ्यात आधी म्हटलं ते टीव्हीवरच्या डॉक्टरने, आणि आपल्या धागाकर्त्याला सापडलं दाताच्या डॉक्टरकडे 😀 ते तेव्हा रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. मग १९६४ ला डिऑन वॉरविकने गायलं, तीपण मोठी गायिका, तरी गाणं तसंच पडून. पहिल्या रेकॉर्डिंगनंतर सात वर्षांनी या दोघा भावंडांकडे आलं आणि अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरवर.

शब्द तेच, चाल तीच. मग बदललं काय?

---

तिखट_मामलेदार | सकाळी ८:५२

एक मिनिट. भावंडं? भाऊ आणि बहीण प्रेमगीत म्हणतायत?

---

जुईनगर_लोकल | सकाळी ८:५९

गाते ती बहीण, कॅरन. भाऊ रिचर्ड पियानोवर, आणि वाद्यांची सगळी मांडणी त्याची. आपल्याकडे हृदयनाथांनी चाल लावायची आणि लताबाई-आशाबाईंनी गायचं, तेव्हा कुठे विचारतो आपण?

---

तिखट_मामलेदार | सकाळी ९:०१

मान्य. बसतो गप्प.

---

खर्जातली_बाई | दुपारी २:१०

बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

काय बदललं म्हणून विचारलंय ना, तर आवाज बदलला. तोपण कसा, खालचा. कॅरनचा आवाज खर्जातला होता. बायकांच्या आवाजातला सगळ्यात खालचा प्रकार. तिकडे त्याचं कौतुक होतं, आपल्याकडे काय होतं ते मला विचारा.

माझा आवाज लहानपणापासून जाड. शाळेत १५ ऑगस्टच्या समूहगीताला बाई म्हणाल्या तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव. तीन वर्षं मी देशासाठी ओठ हलवले. नंतर लग्नात उखाणा घेतला तर सासरची एक आत्या म्हणाली, सर्दी झालीय का गं. आपल्याकडे बाईने गायचं म्हणजे काळी चार, काळी पाच, तारसप्तकात जाऊन टाळ्या घ्यायच्या. खाली गाणारी बाई म्हणजे काहीतरी बिघाडच.

रिटायर झाल्यावर इथे ठाण्यात एका कराओके ग्रुपला जायला लागले. ठाण्यात किती असे ग्रुप आहेत ते सांगायला नकोच, दर तिसऱ्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी कुणीतरी मुकेश असतं. मी तिथे पुरुषांची गाणी म्हणायचे, कारण बायकांचे सगळे ट्रॅक मला उंच पडतात. ट्रॅक खाली केला की त्यातली व्हायोलिनं म्हैस रेकल्यासारखी वाजतात. तर मुलाने एकदा हे गाणं ऐकवलं. मी ट्रॅक मागवला, माइक घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही बाईचं गाणं मूळ पट्टीत, एक सूर खाली न करता मला बसलं. ते काळी एकवर चढतं ना, तिथेसुद्धा बसलं.

त्या दिवशी हॉलमध्ये काय झालं ते सांगते. पहिल्या रांगेत समोसे चालू होते. इंग्रजी गाणं म्हटल्यावर दोघं चहाला उठले. एक काका मोठ्याने म्हणाले “आवाज वाढवा मॅडम”. तो मी वाढवला नाही. माइक जवळ घेतला, एवढंच केलं. कारण या गाण्यात आवाज वाढवला की संपलं, ते कानाशी बोलल्यासारखंच म्हणावं लागतं. तान नाही, हरकत नाही, शब्दाच्या सुरुवातीला एक बारीकशी मींड, खालून उचलून सुरावर ठेवल्यासारखी, बस. श्वास कुठे घ्यायचा हे मला अजून नीट जमत नाही, तिचा श्वास घेतल्याचं कळतच नाही. तेव्हा ती फक्त वीस वर्षांची होती हो. वीस.

टाळ्या बेताच्याच पडल्या. समोसेवाल्या रांगेतून फक्त एक बाई उठून आल्या आणि म्हणाल्या, परत कधी म्हणणार?

---

काळी_एक | दुपारी २:४४

खर्जातली_बाई, दंडवत घ्या.

माइकचं तुम्ही बोललात ते अगदी मुद्द्याचं. पूर्वी माइक नव्हता तेव्हा थिएटरच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून गळा खोलून गायचे, आपले जुने संगीत नाटकवाले काय नि तिकडचे ऑपेरावाले काय. हळू गायचं धाडस माइकने दिलं. आपलं भावगीत पण रेडिओ आणि रेकॉर्डच्याच पोटातून आलं. ‘शुक्रतारा’ आठवा, पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. त्यात तरी दाते कुठे आवाज लावतात? शेजारी बसून सांगतायत. गडकरी रंगायतनला शेवटच्या रांगेत बसून ऐकलं तरी शेजारीच बसल्यासारखं वाटतं.

---

खडूस_नौपाडेकर | दुपारी ३:३०

शुक्रतारा मधे आणू नका, ते आमचं आहे, त्याला हात लावायचा नाही.

पण बाईंचा प्रतिसाद आवडला. ओठ हलवायला लावणाऱ्या शाळा आम्हीही पाहिल्यात.

---

सीवूड्स_सुगरण | दुपारी ४:०५

पक्ष्यांवरून माझा किस्सा. थोडं अवांतर आहे.

नवरा तेव्हा नवरा नव्हता. त्याला कुठूनतरी या गाण्याचा शोध लागला आणि त्याने प्लॅन केला की सीवूड्सला पाणथळीवर फ्लेमिंगो येतात तिथे मला न्यायचं, एक इअरफोन त्याच्या कानात एक माझ्या, गाणं लावायचं, गाण्यात पक्षी येतात तसे समोर पक्षी, आणि मग विचारायचं. एप्रिल महिना, सकाळी सात. गेलो. एक पक्षी नाही. चिखल, आणि त्या चिखलाचा वास, ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत. गाणं चार वेळा झालं. तो घामाघूम. शेवटी एक दुर्बीणवाले आजोबा होते ते म्हणाले, अरे आता ओहोटी आहे, ते सगळे खाडीत चिखलावर खात असतील, भरती आली आणि तिकडचा चिखल बुडला की इथे येतील बसायला, साडेदहाला या.

तर, ‘तू आलीस की पक्षी अचानक का येतात’ याचं खरं उत्तर भरती हे आहे. आम्ही इडली खाऊन साडेदहाला परत गेलो. आले हो. हजारो. गुलाबी. तोवर फोनची बॅटरी गेलेली.

हो म्हणाले मी.

---

तिखट_मामलेदार | दुपारी ४:०९

हसून हसून पुरेवाट!! भरती 😂😂 पुढच्या वेळी भरतीचं वेळापत्रक बघूनच प्रेम करावं.

---

आजीचा_पदर | संध्याकाळी ६:३०

मला इंग्रजी बेताचं येतं, नातवाने ओळीओळीने अर्थ सांगितला. तुम्ही सगळे सूर आणि माइक करताय पण शब्दांकडे कुणी बघेना म्हणून लिहिते. नातू टाइप करतोय, चुका त्याच्या.

त्यात असं आहे म्हणे. तू आलास की पाखरं जमतात. तू चाललास की तारे उतरतात. तू जन्मलास त्या दिवशी देवदूत एकत्र जमले आणि त्यांनी ठरवून तुला घडवलं, केसांत चांदण्याची धूळ टाकली, डोळे निळे. आणि म्हणून गावातल्या सगळ्या पोरी तुझ्यामागे फिरतात. आणि त्या सगळ्यांसारखीच मी, मलापण तुझ्याजवळ यायचंय.

अहो, ही गवळण आहे! जन्माला देव जमले, पाखरं थबकली, निळा रंग, गोकुळातल्या सगळ्या मागे. त्या डेव्हिडला ठाऊक असेल-नसेल, पण आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो ना भजनात.

आणि एक बघा. ती कुठेही ‘तू माझा’ असं म्हणत नाही. नातू म्हणतो गाण्याच्या नावातच ‘त्यांना’ आहे, ‘मला’ नाही. पाखरं, तारे, सगळ्या पोरी, या रांगेत ती शेवटची उभी आहे, आणि म्हणते मीपण यांच्यासारखीच. तक्रार नाही, मला पुढे घ्या असं नाही. त्यात राधा पण नाही ती, मागची कुठलीतरी एक गवळण, जिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

---

जुईनगर_लोकल | संध्याकाळी ६:४१

आजी!!!!!

---

काळी_एक | संध्याकाळी ६:५०

शंभर वेळा वाजवलं असेल हे गाणं, हे कधी डोक्यात आलं नाही. आणि आता जोडून बघा, खर्जातल्या बाईंना मागच्या रांगेत उभं केलं होतं, आणि हे गाणं मागच्या रांगेतलंच आहे. आवाज वाढवून म्हटलं तर ती पुढे आली असं होईल. म्हणून वाढवायचा नाही. आधीच्या दोघांनी गायलं त्यात हेच निसटलं असावं असं आपलं माझं मत.

---

खडूस_नौपाडेकर | रात्री ९:२०

आज ऑफिसातून येताना तीन वेळा ऐकलं. घोडबंदरचं ट्रॅफिक, तीन वेळा सहज झालं. गवळण हे पटलं. पण शेवटी ते “वाऽऽऽ” काय आहे? गाणं संपतं, शांतता होते, आपण पुढचं लावायला हात पुढे करतो आणि एकदम दहा-बारा जण “वाऽऽऽ” करतात. आपल्याकडे ऐकणारे वा म्हणतात, इथे गाणंच स्वतःला वा म्हणून घेतंय.

---

काळी_एक | रात्री ९:४४

हाहा. दहा-बारा जण नाहीत, दोनच आहेत. कॅरन आणि रिचर्ड. एकावर एक आवाज परत परत रेकॉर्ड करून तो थर चढवलाय, पैठणीच्या घड्या घालाव्यात तसा. असे थर म्हणजे यांच्या पुढच्या गाण्यांचा शिक्का झाला.

आणखी एक, कॅरन मूळची ड्रम वाजवणारी. गायला लागली ती नंतर. या गाण्यात मात्र ड्रमवर हॅल ब्लेन आहे, तिकडच्या स्टुडिओतला जुना खेळाडू. पण गाणारीला ठेका कळत असला की काय होतं ते हिच्या शब्दफेकीत ऐका. किंचित मागे राहून म्हणते, पण पडत नाही कधी. आमच्या ऑर्केस्ट्रात गायिका मागे राहिली की ढोलकीवाला डोळे वटारायचा.

---

जुईनगर_लोकल | रात्री १०:०५

मी बँकेत आहे म्हणून हे मला फार आवडतं : याच्यानंतरचं त्यांचं गाजलेलं गाणं, ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’, ते आधी कॅलिफोर्नियातल्या एका बँकेच्या टीव्हीवरच्या जाहिरातीचं होतं. जाहिरातीत नवीन लग्न झालेलं जोडपं, आता सुरुवात झालीय म्हणजे खातं उघडा. रिचर्डने टीव्हीवर ऐकलं आणि पूर्ण गाणं केलं, आणि मग अमेरिकेत लोकांनी ते लग्नात लावायला सुरुवात केली. आमच्या बँकेची जाहिरात ऐकून कुणी लग्नात लावेल का? केवायसी अपडेट करा, सनई-चौघड्यावर.

---

सीवूड्स_सुगरण | रात्री १०:३०

मी तिच्याबद्दल वाचत बसले आणि वाईट वाटलं. ४ फेब्रुवारी १९८३ ला गेली. बत्तीस वर्षांची. स्वतःला उपाशी ठेवण्याचा तो आजार, अॅनोरेक्सिया, त्याने शेवटी हृदय थकलं. त्या आजाराचं नाव बऱ्याच लोकांना ती गेल्यावर कळलं म्हणे. आता गाणं लावलं की तेच आठवतं.

---

खर्जातली_बाई | रात्री १०:५५

सुगरण, मलाही झालं होतं तसं. मग मी ठरवलं की गाणं म्हणताना ती वीस वर्षांचीच. पुढचं मला माहीत नाही. त्या आजाराबद्दल बोलायला हवं, जरूर बोलावं, आपल्याकडे अजून पोरगी जेवत नाही म्हटलं की डाएट करत असेल म्हणून सोडून देतात. पण गाण्यात तिचं मरण शोधत बसलं की तिने जे केलंय ते ऐकूच येत नाही. तिचा तो श्वास ऐकायचा, नाही म्हणजे ऐकू येत नाही तो.

---

घोडबंदर_ट्रॅफिक | गुरुवार, रात्री १२:१५

धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू. उशीर झाला कारण मधे एक गोष्ट झाली.

काल घरी हे गाणं मोबाइलवर लावलं होतं. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती, तिथूनच म्हणाली, अरे हे तर ‘हळू’मधलं. मी म्हटलं काय हळू? तर ती उठून माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावते मला. त्यात कॅसेटी. बाबांच्या. बुरशी धरलेल्या बऱ्याचशा. त्यात दोन होत्या, कोऱ्या कॅसेटवर दुकानातून भरून घेतलेल्या, पूर्वी यादी दिली की भरून द्यायचे ना तशा. एकीवर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, “इंग्लिश, फास्ट”. ती अगदी नवीकोरी. दुसरीवर “इंग्लिश, हळू”. तिची टेप काळी पडलीय आणि वरचा कागद बोटांनी झिजून गुळगुळीत.

बाबा ठाणे-बेलापूर रोडला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा कापायची मोठी प्रेस. दिवसभर धाडधाड. शेवटी शेवटी डाव्या कानाने त्यांना कमीच यायचं, आम्ही टीव्ही मोठा केला की मात्र ओरडायचे, बंद करा म्हणून. मला ते विचित्र वाटायचं, ऐकायला येत नाही आणि मोठा आवाजही नको. इंग्रजी त्यांना तेवढंच यायचं जेवढं मशीनवर लिहिलेलं असतं. आईने एकदा विचारलं होतं म्हणे की तुम्हाला कळतं काय त्यातलं, दर सेकंड शिफ्टवरून आलं की तेच लावून बसता. तर म्हणाले, “बाई ओरडत नाही.”

एवढंच. आई हे सांगून परत भाजी निवडायला बसली. मी पेटी परत वर ठेवली, कॅसेट ठेवली नाही.

लावायला टेपरेकॉर्डर नाही घरात. कुणाकडे असेल तर सांगा, ठाण्यात, मी येऊन जाईन.

---

काळी_एक | रात्री १२:३१

माझ्याकडे आहे. चालू आहे. बेल्ट बदललाय मागच्या वर्षी. पण ती टेप लगेच लावू नका, बुरशी असेल तर हेडला चिकटून तुटेल. आधी हाताने हळू पुढे-मागे फिरवून सैल करावी लागेल, कदाचित कवच बदलावं लागेल. पाचपाखाडीत या, रविवारी. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

---

खडूस_नौपाडेकर | रात्री १२:४०

साखरेचा पाक हा शब्द मागे घेतो. केंट स्टेट मागे घेत नाही.

रविवारी मी पण येऊ का?

---

आजीचा_पदर | सकाळी ६:१०

हळू कॅसेट छान लिहिलंस रे बाळा. आईला विचार, दुसऱ्या बाजूला काय होतं?

---

घोडबंदर_ट्रॅफिक | सोमवार, दुपारी १:५०

अपडेट. रविवारी काळी_एकच्या घरी आम्ही पाच जण जमलो. टेप दोनदा अडकली, तिसऱ्यांदा चालली. आवाज डगमगतो, मधे कुठेतरी आमच्या जुन्या घराच्या दाराची बेल पण आहे, म्हणजे बाबांनी त्यावर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं असणार, बेल वाजते, बाबा “आलो” म्हणतात आणि परत कॅरन. तो “आलो” आम्ही चार वेळा ऐकला. आजी, दुसऱ्या बाजूला अरुण दाते होते. खर्जातल्या बाईंनी नंतर गाणं म्हटलं, माइकशिवाय. नौपाडेकर खिडकीकडे तोंड करून उभे होते, का ते विचारू नये.

आणि आज सकाळी वाशीला कॅप बसवायला गेलो होतो. रिसेप्शनवर विचारलं ती गाणी कुठली लावता, तर म्हणाली आधीचे डॉक्टर पेनड्राइव्ह सोडून गेलेत, त्यात काय आहे कुणाला माहीत नाही, काढायचं कसं तेही माहीत नाही. खुर्चीत बसलो आणि नेमकं तेच लागलं. या वेळी मला सगळं कळत होतं, हा मध्यम, हा दचका, आता काळी एक. कॅप घासून घासून बसवत होत्या. गाणं संपलं, ती शांतता आली, डॉक्टर म्हणाल्या, “आता मोठा आ करा.”

मी वाऽऽऽ केलं. स्पीकरनेही केलं. एकाच वेळी.

---

तिखट_मामलेदार | दुपारी २:०३

वा.

---

नवा_सभासद_ऐरोली | दुपारी २:२०

नमस्कार, आजच सभासद झालो. धागा पूर्ण वाचला नाही. कॅपचे किती घेतले? मलापण करायचीय, वाशीच बरी पडेल.